बिनआकड्यांचा रेझर

"यांना कुठलं मशीन दाखवू?" दुकानदारानं विचारलं.

विचारलं ते माझ्या मेव्हण्याला. काउंटरला पोट टेकवून मी उभा होतो, सुकुमार माझ्या मागं हातभर अंतरावर, तरी प्रश्न माझ्या डोक्यावरून त्याच्याकडं गेला. डोळे गेल्यापासून हे रोजचंच झालं होतं. रिक्षावाला बायकोला विचारायचा, "यांना कुठं उतरवायचं?" हॉटेलात तिलाच विचारायचे, "हे साखर घेतात का?" मी मूळचाच तिरसट, त्यात त्या दिवशी डोकं तीन दिवसांपासून तापलेलं होतं.

"दाढी माझी आहे," मी म्हणालो. "माझ्याशी बोला."

"दाजी, हळू," सुकुमार पुटपुटला.

"हळू कशाला? त्यांना ऐकू येतं. मलाही येतं."

दुकानदार हसला. आवाजावरून सत्तरीपारचा वाटला. "चुकलं. बोलण्यावरनं मास्तर दिसताय. बोला मास्तर, कसलं मशीन पायजे?"

"साधं. ज्याच्यावर आकडे नाहीत, चकती नाही, कुणाला काही फिरवता येणार नाही असं."

"लोक उलटं मागत्यात. कमीजास्त करता येतंय का म्हणून विचारत्यात."

"लोकांना मागू दे."

सांगलीच्या गणपती पेठेतल्या त्या दुकानात असा भांडत मी का उभा होतो, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली.

मी भूपाल मगदूम. तासगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो. सत्तेचाळिसाव्या वर्षी काचबिंदूनं माझे दोन्ही डोळे नेले. त्यानंतरही दीड वर्ष मी शिकवत होतो. गणित माझ्या तोंडात होतं. भूमितीची आकृती मी सांगायचो, फळ्यावर वर्गातलं कुणीतरी काढायचं आणि बाकीचे त्याच्या चुका ओरडून सांगायचे. अशा वर्गात झोपायची सोय कुणालाच नव्हती. कायद्यानं मला काढता येत नव्हतं, म्हणून मी स्वतःहून जावं यासाठी संस्थेचे सेक्रेटरी नलवडे धडपडत होते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी टाइप करून तयार ठेवला होता. फक्त माझी सही हवी होती. ती मी देणार नव्हतो, कारण एकदा घरात बसलो की माझं गाठोडं होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी उन्हात ठेवायचं, दुपारी सावलीत.

घरात भांडण होतं ते दाढीवरून. डोळे गेल्यावर महिन्याभरातच माझा जुना रेझर हरवला. वीस वर्षं एकाच कोनाड्यात असलेली वस्तू हरवते कशी, हे मला कळेना. "राहू द्या ना ओ," त्रिशला, माझी बायको, म्हणाली. "न्हावी घरी येईल." तो आठवड्यातून दोनदा यायला लागला. आला की उंबऱ्यातूनच तिला विचारायचा, "वैनी, मिशी किती ठेवू?"

मग सुकुमारच्या मुलानं माझ्यासाठी जर्मनीहून रेझर पाठवला. जड, गार, आणि दांड्यावर एक ते नऊ आकड्यांची चकती. चकती फिरवली की टिक् असा आवाज व्हायचा आणि पात्याची धार तेवढी बाहेर यायची. एकवर ठेवला तर ओरखडासुद्धा येत नाही, असं सुकुमारनं सांगितलं म्हणून त्रिशला तयार झाली. मी मात्र टिकटिक मोजून तो पाचवर लावला आणि परत तपासला नाही. स्वतः लावलेली वस्तू मी तपासत बसत नाही. एवढा गर्व होता.

पहिल्या दिवशी दाढी झकास झाली. दुसऱ्या दिवसापासून खुंट राहायला लागले. पातं बदललं, साबण बदलला, काही फरक पडेना. शेवटी मी समजलो की माझा हातच बिघडलाय. मग दाबून ओढायला लागलो. महिनाभरात किती दाबायचं ते हाताला बसलं.

नलवड्यांनी मला ज्या शनिवारी ऑफिसात बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी सुकुमार कुणाच्या तरी लग्नासाठी सांगलीहून आमच्याकडं मुक्कामाला आला होता. शनिवारी आमची सकाळची शाळा. सहाला मी मोरीत बसलो, फेस केला आणि नेहमीसारखा दाबून रेझर ओढला.

तीन ठिकाणी कापलं. हनुवटी, गाल आणि वरचा ओठ. तुरटी फिरवली, वर्तमानपत्राचे कपटे चिकटवले, तरी रक्त थांबेना. शाळेची वेळ झाली होती. तसाच गेलो.

"अरेरे, मगदूम सर!" नलवडे म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी माया होती की मला शिसारी आली. "हे काय करून घेतलंत?"

"दाढी."

"घरातल्या घरात ही अवस्था. उद्या जिन्यावरून घसरलात तर जबाबदारी कुणाची? मुल्ला सर, तुम्ही सांगा."

मुल्ला सर आमचे हेडमास्तर, भला माणूस. त्यांची खुर्ची तेवढी करकरली.

"आणि मी माझ्या एकट्याच्या मनानं बोलत नाही," नलवडे म्हणाले. "वहिनींशी बोलणं झालंय माझं. त्यांचंही तेच मत आहे. पुढच्या शनिवारी दोघं या. सही करू, चहा घेऊ."

गालावरचा एक कपटा सुटून माझ्या हातावर पडला. ओला होता. चुरचुरणं एकदम थांबलं. वहिनींचंही तेच मत आहे, एवढंच डोक्यात राहिलं.

घरी आल्या आल्या मी रेझर काढला. चकती उलटी फिरवत एकपर्यंत नेली आणि मोजलं. सहा वेळा टिक् झालं. म्हणजे सातवर होता.

"सुकुमार!"

"मीच वापरला दाजी, पहाटे," तो म्हणाला. "माझी दाढी राठ, म्हणून सातवर केला. परत फिरवायचा राहिला."

"पाचवरून सातवर?"

"पाच कुठलं? एकवर होता की."

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

"एकवर कुणी केला?" मी विचारलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास घरभर झाला, तरी कुणी हललं नाही.

"मी," त्रिशला म्हणाली. "पहिल्याच दिवशी केला. रोज सकाळी बघत होते एकवरच आहे ना म्हणून. आज गडबडीत बघायचं राहिलं."

"आणि जुना? तो हरवला नव्हता तर."

"भंगारवाल्याला दिला."

"आणि नलवड्यांना हो म्हणालीस."

"'बघते' म्हणाले." तिचा आवाज चढला. "काय करू मग? तुम्ही मानेवर पातं ठेवून बसता आणि मी दाराआड श्वास धरून उभी असते. जिना उतरता, रस्ता ओलांडता, तेव्हाही तसंच. तुम्हाला दिसत नाही ओ. मला दिसतं ना सगळं!"

दीड वर्षात तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

"महिनाभर मी समजत होतो की माझा हात गेला," मी म्हणालो. "डोळे गेले तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो मी. मला आरसा नाही त्रिशला, हात सांगेल तेच मी खरं धरतो. तू माझा हात खोटा पाडलास."

ती रडत असावी. तरी मी थांबलो नाही.

"एकदाच सांगतो. राहिलं तर राहिलं म्हण. कापलं तर कापलं म्हण. पण माझ्यामागं काही फिरवू नकोस."

"अक्का, भाकरी मी बघतो," सुकुमार म्हणाला. जन्मात त्यानं भाकरी उलटली नव्हती. चटका बसून तो ओरडला, तेव्हा कुठं आम्ही दोघं जागचे हललो.

मंगळवारी मी एकटा एसटीनं सांगलीला गेलो. स्टँडवर सुकुमार थांबला होता. त्याचा जर्मन रेझर मी त्याच्या हातात परत ठेवला आणि म्हणालो, "आता मला दुकानात ने."

तर ते हे दुकान. म्हाताऱ्याचं नाव काशीद. चाळीस वर्षं न्हाव्याचं काम करून मग त्यानं दाढीच्या सामानाचं दुकान टाकलं होतं. तो एकेक मशीन माझ्या हातात ठेवायला लागला.

पहिलं अ‍ॅल्युमिनियमचं होतं, फुलासारखं हलकं.

"ह्येला वजन न्हाई," काशीद म्हणाला. "वजन न्हाई म्हंजे तुमी दाबणार."

दुसऱ्याच्या पट्टीला कंगव्यासारखे दाते होते.

"ह्ये आठ-आठ दिवस दाढी न करणाऱ्याचं. रोजच्या दाढीला बोचतंय."

तिसरं पितळेचं होतं, आखूड दांड्याचं, आणि हातात घेतल्याबरोबर तळव्यात बसलं. दांड्यावर खरखरीत नक्षी होती, ओला हातसुद्धा सुटला नसता. मी ते खोलून बघितलं. वर टोपी, मधे पट्टी, खाली दांडा, बस्स. परत जोडून आवळलं. एकदा आवळल्यावर त्यात फिरायला काही उरलंच नाही.

"याची धार किती बाहेर येते?"

"येती तेवढीच येती. आज जेवढी, तेवढीच धा वर्सांनी. कुणी मुद्दाम काय करीन म्हटलं तरी करता येत न्हाई."

"हेच द्या."

"थांबा. आदी तुमचा हात बगू."

त्यानं मला खुर्चीत बसवलं, फेस लावला, मशीनमध्ये पातं घातलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते गालावर टेकवताच त्यानं माझं मनगट धरलं.

"दाबताय."

"सवय लागलीय."

"ती सोडा. ह्येच्या वजनावर ह्येला जाऊ द्या. तुमी नुसतं वाट दाखवा."

"मला दिसत नाही," मी म्हणालो. ही सबब मी कधी कुणाला सांगत नव्हतो. त्या दिवशी तोंडातून निसटली.

"मास्तर, आरसा असतोय गिऱ्हाइकासाटी," काशीद म्हणाला. "आमचा डावा हात पुडं जातोय, कातडं ताणतोय, केस कुणीकडं वळलाय ते सांगतोय. उजवा त्येच्या मागनं. डोळं आमचं गप्पांत. लाइट गेली म्हणून आमी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर उटवत हुतो व्हय?"

तासभर तो मला शिकवत होता. डाव्या हाताची दोन बोटं पुढं, रेझर त्यांच्या मागं. पात्याची खरखर ऐकू आली तर कोन बरोबर, आवाज गप्प झाला तर चुकला. दोनदा मला घाम फुटला. वर्गात पाढे चुकणाऱ्या पोरांना मी कसा ओरडायचो ते आठवलं, आणि काशीद मात्र एकदाही ओरडला नाही. उजवा गाल झाला, मग डावा, मग गळा.

"आता झालं का म्हणून जगाला विचारू नका," तो म्हणाला. "बोटांस्नी विचारा. बोटं चुकली तर खरं सांगणारं एक माणूस जवळ ठेवा. एक बास."

बुधवारी सकाळी घरी मी मोरीचं दार उघडं टाकून दाढी केली. त्रिशला दारात उभी होती. बांगड्यांवरून कळत होतं. कुठं कापलं नाही. शनिवारपासून आमच्यात जेवायला या, जेवलो, एवढंच बोलणं होतं.

गुरुवारी मी दाढी केली नाही. शुक्रवारीही नाही.

"आज का नाही?" तिनं न राहवून विचारलं.

"उद्या करायची आहे."

शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही ऑफिसात बसलो. नलवडे टेबलापलीकडं, मुल्ला सर बाजूला, त्रिशला माझ्या डावीकडं. माझ्या मांडीवर पिशवी होती.

"काय हे सर," नलवडे म्हणाले. "दाढी सोडूनच दिलीत की हो."

"सोडली नाही. बरोबर घेऊन आलोय."

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. चांगला जाड कागद होता. "बोट धरून जागा दाखवतो, तिथं सही करा. वहिनी, खाली साक्षीदार म्हणून तुमची."

मी पिशवी उघडली. वाटी काढली, ब्रश काढला, साबण, टॉवेल आणि रेझर. एकेक करून अर्जाशेजारी मांडलं.

"मुल्ला सर, तांब्याभर पाणी मिळेल?"

मुल्ला सर काही न विचारता उठले. माठातून पाणी काढल्याचा आवाज आला.

"सर, हा काय तमाशा?" नलवडे म्हणाले.

"विषय तुम्ही काढला होतात. मला दाढी करता येत नाही, म्हणून मला शिकवता येत नाही, असं गेल्या शनिवारी ठरलं. तेवढं तपासून घेऊ, मग सहीचं बोलू."

"अहो, मी ते काळजीपोटी..."

"माहीत आहे. काळजीपोटीच सगळं होतं."

हे मी नलवड्यांना म्हणालो खरा, पण शेजारी बांगड्या हलल्या.

टॉवेल गळ्यात घेतला, फेस केला, तोंडाला लावला. चुकलो तर पुन्हा रक्त, पुन्हा कपटे, आणि मग मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो? सही करावीच लागली असती. डाव्या हाताची बोटं गालावर ठेवली, कातडं ताणलं आणि रेझर त्याच्या वजनावर सोडला. खरखर ऐकू आली. बाहेर प्रार्थना सुरू झाली होती. आत माझ्या दाढीचा आवाज आणि पंखा. उजवा गाल, डावा गाल, वरचा ओठ. हनुवटीशी आवाज गप्प झाला. थांबलो, कोन बदलला, परत खरखर आली. गळ्याशी आलो तेव्हा त्रिशलाची खुर्ची मागं सरकली. ती उठून उभी राहिली होती. पण तिनं माझा हात धरला नाही.

मी बोटं फिरवून पाहिली. कुठं ओलं चिकट लागलं नाही. मग विचारलं, "झालं का?"

"झालं, झालं," नलवडे घाईनं म्हणाले. "उत्तम झाली."

"अगदी स्वच्छ, सर," मुल्ला सर म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

"डाव्या कानाखाली राहिलंय," त्रिशला म्हणाली.

मुल्ला सर खाकरले, नलवड्यांनी बहुतेक तिला खूण केली असावी, कारण ती पुन्हा म्हणाली, आणि आता आधीपेक्षा मोठ्यानं, "राहिलंय तर राहिलंय. कानाच्या पाळीखाली."

"किती?" मी विचारलं.

"बोटभर."

तीन दिवसांचे खुंट होते त्या जागी, माझ्या बोटांना चुकलेले. मी पुन्हा फेस लावला, बोट ठेवलं, पाळी वर धरली आणि रेझर ओढला. वाटीतलं पाणी फेसानं दाट झालं होतं, पातं त्यात धुतलं जाईना, आणि टॉवेल पात्यानं फाटला असता.

"पुसायला काही आहे का?" मी हात पुढं केला.

तळहातावर कागद आला. जाड, मधोमध घडी घातलेला. नलवड्यांची खुर्ची धाडकन मागं गेली.

"वहिनी! अहो, तो अर्ज आहे!"

"हो," त्रिशला म्हणाली.

मी रेझर पुसला, दोन्ही बाजूंनी, सावकाश. कागद चुरगळून वाटीशेजारी ठेवला आणि मान उजवीकडं वळवली, म्हणजे तिला डावा कान दिसावा.

"आता बघ."

ती वाकली. कानाजवळ तिचा श्वास लागला. तिनं हात लावला नाही, नुसतं बघितलं, आणि चांगला वेळ घेऊन बघितलं.

"आता झालं," ती म्हणाली. "चला, आठवी अ खोळंबली असेल."